देहाचे दुखणे आणि मनाचे दुखणे

मनाला बसलेल्या धक्क्याचे वर्णन करावयाचे झाले, तर मराठी माणूस बहुधा शरीराचेच शब्द वापरतो. घरातला कर्ता माणूस गेला, की कुटुंबाचे कंबरडे मोडते. अशुभ वार्ता कानी पडली, की ऐकणाऱ्याचे हातपाय गळतात. धास्तीने पोटात गोळा येतो, काळजीने डोके जड होते आणि कर्जाच्या ओझ्याखाली पाठ वाकते. हे अलंकार आहेत, याची जाणीवही बोलणाऱ्याला नसते. ‘आधी’ म्हणजे मनाची पीडा आणि ‘व्याधी’ म्हणजे देहाची पीडा; हे दोन शब्द तर भाषेत जोडीनेच नांदतात. महाभारताच्या वनपर्वात शौनक युधिष्ठिराला या जोडीचे मर्म एका साध्या दृष्टान्ताने सांगतो. तापलेला लोखंडाचा गोळा पाण्याच्या घड्यात पडला म्हणजे घड्यातले पाणीही तापते; त्याप्रमाणे मनाच्या दुःखाने शरीर पोळून निघते. चरकसंहितेनेही शरीर आणि मन या दोहोंना रोगांची आश्रयस्थाने मानले आहे.

ही समज इतकी जुनी असूनही, वर्षानुवर्षे पाठ, मान, कंबर किंवा गुडघे दुखत असलेला माणूस दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा तिचा विसर पडलेला दिसतो. पंचेचाळिशीच्या एखाद्या गृहिणीचे उदाहरण घ्यावे. सहा वर्षांपूर्वी भरलेली बादली उचलताना तिच्या कमरेत उसण भरली. ती उसण गेली, परंतु दुखणे राहिले. पुढे ते पाठीत शिरले, खांद्यांवर चढले, मानेत बसले. तिच्या हातातली छायाचित्रांची पाकिटे दर वर्षी वाढत गेली. एका डॉक्टरांनी मणक्यात ‘गॅप’ असल्याचे सांगितले, दुसऱ्यांनी वयोमान म्हटले, आणि तिसऱ्यांनी सर्व कागद पाहून हसत हसत सांगितले, “तुम्हांला काही झालेले नाही. मनावर घेऊ नका.” घरी परतल्यावर घरच्यांनी हेच वाक्य थोड्या कठोर स्वरात पुन्हा ऐकवले. त्या रात्री तिला झोप लागली नाही. आणि दुसऱ्या दिवशी पाठ अधिकच दुखली.

या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नाही. तथापि त्यात एक मोठी चूक दडलेली आहे. दुखणे एक तर शरीरात असते, नाही तर मनात असते. शरीरात असेल तर ते खरे, आणि मनात असेल तर ते खोटे, असे येथे सर्वांनी गृहीत धरले आहे. गेल्या शतकातील वेदनाविषयक संशोधनाने जर काही निर्विवादपणे दाखवून दिले असेल, तर ते हे की, असा दुभाग करताच येत नाही.

या दुभागाचे मूळ शोधावयाचे तर सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्यापर्यंत जावे लागते. त्याच्या मृत्यूनंतर १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेदनेचे एक सुबोध चित्र आहे. एका मुलाचा पाय विस्तवाजवळ गेला आहे. तेथून एक बारीक दोरी मेंदूपर्यंत गेली आहे. आणि देवळातल्या घंटेची दोरी खाली ओढली की वर घंटा वाजावी, तशी मेंदूत वेदना जागी होते. जेवढा हिसका मोठा, तेवढा नाद मोठा. काटा रुतणे, हात भाजणे, हाड मोडणे अशा प्रसंगी हे चित्र बरेचसे लागूही पडते. म्हणूनच ते सुमारे तीनशे वर्षे टिकले. या चित्राप्रमाणे जखम नसताना घंटा वाजत असेल, तर ती ऐकणाऱ्याच्या कानाचा भ्रम म्हणावयाचा!

या चित्राला पहिला मोठा तडा गेला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४४ मध्ये इटलीच्या आघाडीवर काम करणारे अमेरिकन भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. गंभीर जखमा झालेले सैनिक रुग्णालयात आणले जात. परंतु वेदना थांबविण्यासाठी औषध हवे काय, असे विचारले असता चारांपैकी सुमारे तिघे ‘नको’ म्हणत. ते शुद्धीवर होते. सुई टोचली तर ती त्यांना दुखतही असे. पुढे बीचर यांनी नागरी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांकडे पाहिले, तेव्हा इजा त्या मानाने लहान असूनही बहुतेकांनी औषध मागितले. बीचर यांनी याचे जे कारण दिले ते मार्मिक आहे. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून सुटका, जिवंत घरी परतण्याची हमी. नागरिकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया म्हणजे आयुष्यावर आलेले संकट. इजेचा अर्थ बदलला, की वेदना बदलते.

असे कसे घडते, याचा उलगडा करण्याचा पहिला समर्थ प्रयत्न १९६५ मध्ये झाला. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी असे प्रतिपादन केले की, शरीराकडून येणारा इजेचा संदेश थेट मेंदूत जात नाही. मज्जारज्जूत त्याला एक दार ओलांडावे लागते. ते दार कधी उघडे असते, कधी अर्धे मिटलेले असते. गुडघा आपटला की माणूस नकळत तो चोळू लागतो. त्या स्पर्शाच्या संदेशांनी दार काहीसे मिटते आणि कळ कमी होते. परंतु याहून महत्त्वाचे असे की, या दारावर वरूनही, म्हणजे मेंदूकडूनही, हुकूम येतात. भीती, काळजी आणि दुखण्याकडे सतत लागलेले लक्ष दार उघडते. धीर, विश्वास आणि आवडत्या कामातली तन्मयता ते लोटून घेते. या सिद्धान्ताचे काही तपशील पुढे बदलावे लागले. परंतु मेंदू हा वेदनेचा नुसता श्रोता नसून तिचा कर्ताही आहे, ही त्यातली मुख्य कल्पना कायम राहिली.

मेंदूचा हा हुकूम केवळ कल्पनेतला नाही, त्याला रसायनाचा आधार आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी मेंदूत अफूसारखे कार्य करणारी द्रव्ये शोधून काढली. मेंदू आपली वेदनाशामके आपणच तयार करतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. तीन वर्षांनी कॅलिफोर्नियात दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून दिलेल्या, परंतु औषधी गुण नसलेल्या द्रवाने ज्यांची वेदना कमी झाली होती, त्यांना अफूचा परिणाम रोखणारे नॅलोक्झोन हे द्रव्य टोचले असता त्यांची वेदना पुन्हा वाढली. म्हणजे केवळ विश्वासाने मिळालेला आराम हाही शरीरात घडलेलाच एक बदल होता. ‘मनाचे खेळ’ म्हणून ज्याची हेटाळणी होते, तो खेळ देहाच्याच अंगणात चालतो.

येथवर विचार झाला तो ताज्या वेदनेचा. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणते, आणि तिचा स्वभाव निराळा असतो. ताजी वेदना ही घरात चोर शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यासारखी असते. ती उपकारक असते. जुनाट वेदना ही पाचोळा उडाला तरी रात्रभर भुंकत बसणाऱ्या कुत्र्यासारखी होते. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, इजेचे संदेश वारंवार आले म्हणजे मज्जारज्जूतील पेशी अतिसंवेदनशील होतात. मग साधा स्पर्शही त्यांना इजेसारखा भासतो, आणि दुखण्याचा प्रदेश मूळ जागेच्या पलीकडे पसरतो. त्या गृहिणीचे कमरेतले दुखणे खांद्यापर्यंत कसे चढले, याचा एक संभाव्य उलगडा येथे मिळतो. जखम भरून आली तरी पहारा उठला नव्हता.

याच्या उलट बाजूची साक्ष छायाचित्रे देतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्या मणक्यांची छायाचित्रे तपासलेली अनेक संशोधने एकत्र करण्यात आली. मणक्यांमधील गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के निरोगी माणसांत दिसली, आणि ऐंशीच्या घरातील माणसांत तिचे प्रमाण ९६ टक्के होते. केस पिकावेत तसा हा बदल असतो. छायाचित्रात झीज दिसते म्हणून वेदना असलीच पाहिजे असे नाही. आणि छायाचित्र स्वच्छ आहे म्हणून वेदना नाही, असेही नाही. सावली मोजून माणसाचे वजन कळत नाही.

आता मनाच्या आजाराकडे वळले पाहिजे. जुनाट वेदना आणि मनाचे अस्वास्थ्य यांच्यामध्ये तीन वाटा आहेत आणि तिन्हींवर दोन्ही बाजूंनी येजा चालते. पहिली वाट भीतीची. दुखणे आले की माणूस त्याचा अर्थ लावू लागतो. ‘मणका सरकला असेल’, ‘वाकलो तर कायमचा जायबंदी होईन’ अशा विचारांनी तो हालचाल टाळतो. हालचाल थांबली की स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, आणि पुढच्या खेपेस थोड्याशा श्रमानेही अधिक दुखते. मूळची भीती खरी होती, असेच मग त्याला वाटते. बाजार, भजन, लग्नकार्य, शेजारपाजार एकेक सुटत जाते आणि रिकाम्या झालेल्या दिवसात उदासीनता येऊन बसते. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन या युरोपातील मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये या चक्राची सविस्तर मांडणी केली. पाठदुखीमुळे माणूस किती अपंग होईल, हे पुष्कळदा वेदनेच्या तीव्रतेपेक्षा वेदनेच्या भीतीवरच अधिक अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

दुसरी वाट झोपेची. वेदनेने झोप मोडते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु झोप मोडल्याने वेदना निर्माण होते, हे तितकेसे ठाऊक नाही. १९७५ मध्ये टोरोंटो येथे हार्वे मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप काही रात्री आवाज करून भंग केली. ते पूर्ण जागे होत नसत. केवळ झोपेची खोली कमी होई. काही दिवसांतच त्यांचे अंग ठणकू लागले, आणि स्नायूंवर दाब दिला असता दुखू लागले. झोप पुन्हा मिळू लागली तेव्हा हा त्रास ओसरला. चिंता आणि नैराश्य या दोन्ही विकारांत सर्वांत आधी बिघडते ती झोपच. तेव्हा रात्रभर कूस बदलणाऱ्या माणसाचे अंग सकाळी मोडून येते, यात नवल नाही.

तिसरी वाट मज्जासंस्थेतील द्रव्यांची. वेदनेचे दार वरून मिटविणारे जे मज्जातंतू मेंदूतून खाली येतात, ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या द्रव्यांचा उपयोग करतात. नैराश्यावरील कित्येक औषधे याच द्रव्यांवर परिणाम करतात. म्हणूनच ॲमिट्रिप्टिलीनसारखे जुने औषध नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा बऱ्याच लहान मात्रेत वेदनेसाठी दिले जाते, आणि ज्यांना नैराश्य नाही अशांपैकीही काहींना त्याचा उपयोग होतो. डॉक्टरांनी अशी गोळी लिहून दिली म्हणजे रुग्णाला वेडा ठरविले, हा समज यास्तव निराधार आहे. सांध्यांना खरोखरच दाह असलेल्या आमवातासारख्या रोगात तर आणखी एक गोष्ट घडते. दाहाची द्रव्ये रक्तातून मेंदूवरही परिणाम करतात, आणि थकवा व निरुत्साह उत्पन्न करतात. आमवाताच्या रुग्णांपैकी सुमारे सहांतील एकाला गंभीर नैराश्य असते, असे २०१३ मधील एका संशोधन-आढाव्यात आढळले. म्हणजे ज्याचा सांधा निर्विवादपणे सुजलेला आहे, त्याच्याही मनाची विचारपूस करणे आवश्यकच आहे.

काही वेळा मनाचा आजारच देहाच्या दुखण्याचे रूप घेऊन येतो. नैराश्याचा रुग्ण ‘मी उदास आहे’ असे सांगत दवाखान्यात येईलच, असा भरवसा नाही. तो ‘अंग दुखते’, ‘डोके जड आहे’, ‘हातापायांत त्राण नाही’ असे सांगतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनमधील हूनान प्रांतात, मज्जातंतूंचा दुबळेपणा असे निदान झालेल्या १०० रुग्णांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी ८७ जणांना नैराश्याचा आजार होता. रुग्ण खोटे बोलत नव्हते. मनाच्या आजाराला ज्या समाजात लांच्छन मानले जाते, तेथे सहानुभूती मिळविण्याची मुभा केवळ शरीराला असते, एवढाच त्याचा अर्थ.

भारतात, विशेषतः गोव्यात, या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास झाला आहे. १९९६ मध्ये तेथे स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेशी निगडित असलेले डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांशी बोलून पाहिले. चिंता-नैराश्याने ग्रासलेले बहुतेक रुग्ण प्रथम शरीराच्याच तक्रारी सांगत. परंतु आस्थेने विचारले असता मनातली घालमेलही मोकळेपणाने बोलून दाखवीत. अडचण रुग्णाच्या मुक्या मनाची नव्हती, कोणी विचारीतच नव्हते, ही होती. पुढे याच राज्यात एक मोठा प्रयोग झाला. त्यात मनोविकारतज्ज्ञांऐवजी गावातल्याच, थोडे प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना आजार समजावून सांगितला आणि धीर दिला. आवश्यक तेथे डॉक्टरांनी औषधे दिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी आरोग्य केंद्रांत अशी मदत मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. विचारपूस हेही औषध आहे, हे यावरून दिसून येते.

महाराष्ट्रातील एक उदाहरण याला पूरक आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेस्नायूंच्या विकारांची पाहणी केली. ४ हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना असे दुखणे असल्याचे आढळले. आमवाताचे रुग्ण मात्र त्यांत सुमारे अर्धा टक्काच निघाले. सांध्यांची झीज, स्नायूंचे दुखणे आणि कोणत्याही ठरावीक नावात न बसणाऱ्या वेदना यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा होता. उसाच्या फडात वाकून काम करणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या, रात्री उशिरा भांडी घासून पहाटे पुन्हा चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या दुखण्याला रक्ततपासणीत नाव सापडत नाही, म्हणून ते अस्तित्वात नाही, असे कोण म्हणेल? तिच्या कमरेवर हंड्याचे ओझे असते, तसेच घराच्या चिंतेचेही असते. आणि मज्जारज्जूला या दोन ओझ्यांतला भेद फारसा कळत नाही.

या सर्व विचाराचा दुरुपयोगही होऊ शकतो, आणि त्याबाबत सावध राहणे अगत्याचे आहे. मनाचा संबंध कळला म्हणून देहाची तपासणी टाळणे, हा घातक आळस होय. दुखण्यासोबत ताप येत असेल, वजन घटत असेल, रात्री विश्रांतीतही वेदना थांबत नसेल, हातापायातली शक्ती जात असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटत असेल, सांधे सुजून सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडत असतील, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे गेले पाहिजे. थायरॉइडचा विकार, ड जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही अंग दुखते, आणि त्यांवर उपाय आहेत. शरीर आधी नीट तपासावे, आणि ते तपासतानाच मनाचीही चौकशी करावी. एक दार बंद झाल्यावर नाइलाजाने दुसरे ठोठावू नये.

उपचारांची दिशाही यामुळे बदलली आहे. ज्या जुनाट वेदनेला अन्य रोगाचे कारण सापडत नाही, तिला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र आजाराचे स्थान मिळाले आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शनाने २०२१ मध्ये अशा वेदनेसाठी पॅरासिटामॉल, दाहशामक गोळ्या आणि अफूजन्य औषधे सुरू करू नयेत असे सांगून, व्यायाम, विचारांना वळण देणारी मानसोपचारपद्धती आणि नैराश्यावरील काही औषधे यांची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०२३ च्या अखेरीस या संघटनेने जुनाट कंबरदुखीसंबंधी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही शिक्षण, व्यायाम, काही शारीरिक उपचार आणि मानसोपचार यांवर भर आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये अशा कंबरदुखीसाठी सुचविलेल्या उपायांत योगाभ्यासाचाही समावेश होता. वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठर आणि मूत्रपिंड यांना अपाय करतात, हे तर वेगळे सांगावयास नकोच.

व्यायामाच्या बाबतीत एक मोलाची गोष्ट अमेरिकेतील सिॲटल येथील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी दाखवून दिली. दुखेपर्यंत चालावे आणि दुखले की झोपून राहावे, या सवयीत वेदना हीच दिनक्रमाची मालकीण होते. त्याऐवजी मोजमाप ठरवून घ्यावे. दहा मिनिटे चालणे सहज जमत असेल, तर बऱ्या दिवशी दहाच आणि वाईट दिवशीही दहाच मिनिटे चालावे. जमू लागले की आठवड्याने अकरा करावीत. असे केल्याने थोडेसे दुखले म्हणजे अपाय झाला असे नव्हे, हे मेंदूला अनुभवाने पटत जाते, आणि पहारा हळूहळू सैल होतो. घरच्या माणसांनीही दोन टोके टाळली पाहिजेत. ‘नाटक करते’ असे म्हणणे हे एक टोक. आणि हातातली प्रत्येक वस्तू काढून घेऊन माणसाला अंथरुणावर बसवून ठेवणे, हे दुसरे. पहिल्याने मान जातो, दुसऱ्याने हिंमत जाते. कामाचा वाटा थोडा हलका करावा, परंतु काम पुरते हिरावून घेऊ नये. आणि ‘आज किती दुखते?’ एवढेच न विचारता, ‘आज काय काय केलेस?’ असेही विचारावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन रमत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण सर्वांना भार झालो आहोत असे वाटत असेल, तर त्यावर स्वतंत्र उपचार झाले पाहिजेत. जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडी आले तर क्षणाचाही उशीर करू नये. जुनाट वेदनेच्या रुग्णांत हा धोका अधिक असतो. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य सल्ला मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आरोग्यविम्याच्या बाबतीत मनाचे आजार शरीराच्या आजारांच्या बरोबरीला आणून बसविले आहेत. कायद्याने जे मान्य केले, ते घराने आणि दवाखान्याने मान्य करावयाचे अजून पुष्कळ ठिकाणी बाकी आहे.

ती पाकिटे घेऊन फिरणारी गृहिणी उद्या पुन्हा एखाद्या दवाखान्यात जाईल. ‘काही झालेले नाही’ हे वाक्य तिला तेथे पुन्हा ऐकावे लागू नये. तिला सांगावयास हवे ते असे की, दुखणे खरे आहे, ते किती दुखते हे तिच्यावाचून दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही. कणा मजबूत आहे, धोका टळलेला आहे, परंतु धोक्याची घंटा अजून वाजते आहे. आणि ती शांत करण्यासाठी पाय, झोप आणि मन या तिघांनाही कामाला लावावे लागेल. मग तिच्या संसाराविषयी, झोपेविषयी, भीतीविषयी चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे ऐकण्याइतका वेळ द्यावा. दुखणे एका दिवसात जाणार नाही. काहींच्या बाबतीत ते पुरते कधीच जाणार नाही. परंतु ते असतानाही बाजारात जाता येते, नातवंडाला मांडीवर घेता येते, रात्री डोळा लागतो, हेही थोडे नाही.

शौनकाच्या दृष्टान्तातला तापलेला गोळा पाण्याला तापवितो, हे खरे. परंतु त्याच घड्यात थंड पाणी ओतत राहिले, तर गोळाही निवतो. मनाला धीर दिला की देह सावरतो, आणि देहाला चालते केले की मन सावरते. सुरुवात कोणत्या बाजूने केली याला फारसे महत्त्व नाही. दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आहेत, हे लक्षात असले म्हणजे पुरे.